क्रॉफर्ड प्रकरण आणि मामलेदारांची कैफियत

बोरीबंदराहून थोडे उत्तरेस गेले म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्याची एक दगडी मंडई लागते. १८६९ साली बांधून झालेली ही वास्तू मुंबईची ओळख होऊन बसली आहे. प्रवेशद्वारावरील कोरीव काम लॉकवुड किपलिंग यांच्या देखरेखीचे. हे किपलिंग म्हणजे सुप्रसिद्ध लेखक रुडयार्ड यांचे वडील. मंडईचे आजचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असे असले, तरी टॅक्सीवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सारे तिला क्रॉफर्ड मार्केट असेच म्हणतात. हा क्रॉफर्ड कोण होता, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. तो मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, एवढे एखाद्याला ठाऊक असते. परंतु त्याच्या नावाशी निगडित असलेले दुसरे एक प्रकरण, ज्याने १८८८ आणि १८८९ ही दोन वर्षे पुण्यापासून लंडनपर्यंत सरकारी वर्तुळ हादरवून सोडले, ते आता विस्मृतीत गेले आहे. आपण सरकारी चाकरीत असलेल्या लोकांनी तरी ते विसरता कामा नये. कारण वरिष्ठाच्या हातून कनिष्ठास होणारा जाच म्हणजे काय, आणि त्या जाचाविरुद्ध तोंड उघडणाऱ्याची पुढे काय गत होते, याचा इतका लख्ख पुरावा आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा कर्तबगार मनुष्य होता, हे आधीच सांगितले पाहिजे. १८६५ साली मुंबईच्या नगरपालिकेचा कारभार त्याच्या हाती आला. गटारे, रस्ते, पाणी, मंडया या बाबतींत त्याने झपाट्याने काम केले आणि शहराची घाण हटविली. परंतु पैशाचा हिशेब राखणे त्याच्या स्वभावात नव्हते. नगरपालिकेच्या उधळपट्टीविरुद्ध करदात्यांनी हाकाटी केली आणि १८७१ साली त्याला ते पद सोडावे लागले. सार्वजनिक तिजोरीच्या बाबतीत जो सैल हात, तोच खासगी खर्चातही होता. क्रॉफर्ड जन्मभर कर्जात बुडालेला राहिला. कोकणातील कलेक्टरी वगैरे करून पुढे तो मध्य भागाचा कमिशनर म्हणून पुण्यास आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक यांसारखे जिल्हे त्याच्या हुकमतीखाली आले. आणि त्या जिल्ह्यांतील मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या यांची दोरी त्याच्या बोटांत आली.

मामलेदार हा त्या काळच्या राज्यकारभाराचा कणा होता. शेदीडशे गावांचा तालुका, त्याचा वसूल, खजिना, जमिनीच्या तक्रारी, दुष्काळाची व्यवस्था, आणि शिवाय फौजदारी मॅजिस्ट्रेटचे अधिकार. पगार साधारणपणे दरमहा १५० ते २५० रुपये. कारकुनाच्या जागेवरून वीसवीस वर्षे झिजून, परीक्षा देऊन, शिरस्तेदारांची मर्जी सांभाळून मनुष्य त्या खुर्चीपर्यंत पोहोचे. गावातले लोक त्याला रावसाहेब म्हणत, आणि वाटेत तो दिसला की उठून उभे राहात. परंतु वरच्या अंगाने पाहिले तर हाच रावसाहेब अगदी निराधार होता. त्या काळी सरकारी नोकरी म्हणजे राजाच्या मर्जीची गोष्ट. बडतर्फीपूर्वी म्हणणे मांडण्याचा घटनेने दिलेला हक्क नव्हता, दाद मागण्यास न्यायाधिकरण नव्हते, बदलीला मुदतीचे बंधन नव्हते. कमिशनरच्या सहीचा एक कागद आला की घाटमाथ्यावरील बऱ्या हवेचा तालुका सोडून हिवतापाच्या जंगली मुलखात मुलाबाळांसह बैलगाडीने निघावे लागे. कागदावर ती निव्वळ बदली असे. दंड नाही, शेरा नाही, ठपका नाही. ज्याच्या अंगावर ती येई त्यालाच ठाऊक असे की ती शिक्षा आहे, आणि शिक्षा कशाबद्दल हेही त्यालाच ठाऊक असे.

पुढे साक्षीपुराव्यातून जे चित्र बाहेर आले ते असे. क्रॉफर्ड स्वतः कोणाकडे हात पसरीत नसे. हणमंतराव राघवेंद्र जहागीरदार या नावाचा एक मध्यस्थ मधे असे. मामलेदाराची गैरसोयीच्या जागी बदली होई, किंवा वाजवी बढती अडून राही. आणि मग कोठून तरी सूचना येई की हणमंतरावास भेटून पाहा. भेटले म्हणजे रकमेची गोष्ट निघे. रक्कम दिली तर बदली रद्द होई, नाहीतर नव्या ठिकाणी जाऊन तापाने कण्हत पडावे. काहींनी आपण होऊन पैसे देऊन चांगली जागा मिळविली, हेही खरे आहे. परंतु पुष्कळांची कथा अशी होती की, जे आपलेच होते ते टिकविण्यासाठी त्यांना मोल मोजावे लागले. या पद्धतीतली खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. धमकी कधी शब्दांत दिली जात नाही. साहेब रागावत नाही, शिव्या देत नाही. तो फक्त एका कागदावर सही करतो. बाकीचे काम भीती करते.

मग कोणी तक्रार का केली नाही, असा प्रश्न आज सहज विचारता येतो. तक्रार करावयाची कोणाकडे? कलेक्टर हा कमिशनरचा कनिष्ठ. कमिशनरच्या वर प्रत्यक्ष मुंबई सरकार; आणि तिकडे अर्ज करावयाचा तर तो रीतीप्रमाणे वरिष्ठामार्फत, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच मार्फत! शिवाय तोंडी झालेल्या गोष्टीला पुरावा कोठला? आणि ज्याने पैसे दिले तो तर स्वतःच गुन्ह्यात अडकलेला. जाच करणाराने जाच सोसणाराला आपल्या पापात भागीदार करून ठेवले की त्याचे तोंड कायमचे बंद होते, हे त्यातले मर्म होय. म्हणूनच पुण्याच्या पेठांतून जी गोष्ट उघड बोलली जात होती, ती सरकारच्या दप्तरात वर्षानुवर्षे उमटली नाही.

लॉर्ड रे हे १८८५ पासून मुंबईचे गव्हर्नर होते. आपल्याच सनदी सेवेतील एका वजनदार गोऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध चौकशी करण्याचे धैर्य त्यांनी १८८८ साली दाखविले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पोलीस इन्स्पेक्टर जनरल ओमॅनी यांच्याकडे पुरावा गोळा करण्याचे काम आले. परंतु मामलेदार बोलल्याखेरीज पुरावा मिळणार नव्हता, आणि अभय मिळाल्याखेरीज मामलेदार बोलणार नव्हते. तेव्हा मुंबई सरकारने वचन दिले की, जे खरी साक्ष देतील त्यांच्यावर खटला होणार नाही आणि त्यांची नोकरीही जाणार नाही. या शब्दावर विसंबून मामलेदार पुढे आले. आपल्याच तोंडाने आपण लाच दिल्याचे, किती दिली, कोणत्या दिवशी दिली, कर्ज कोणाकडून काढले, हे त्यांनी सांगितले. चारचौघांत प्रतिष्ठेने वावरणाऱ्या प्रौढ माणसांना असे सांगताना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

हणमंतरावावर आधी खटला झाला आणि त्यास शिक्षा झाली. क्रॉफर्डच्या चौकशीसाठी तीन सभासदांचे कमिशन नेमले गेले. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती आर्थर विल्सन हे त्याचे अध्यक्ष, आणि क्विंटन व क्रॉस्थवेट हे दोघे सनदी अधिकारी सभासद. १८८८ च्या ऑक्टोबरात पुण्यास त्याचे काम सुरू झाले आणि पुढील वर्षाच्या आरंभापर्यंत चालले. मामलेदारांची उलटतपासणी झाली. तुम्ही स्वतः लाच दिल्याचे कबूल करता, तेव्हा तुमच्यासारख्याच्या शब्दावर विश्वास का ठेवावा, असा बचावाचा रोख होता. अखेर निकाल लागला तो असा की, लाचलुचपतीचे आरोप सिद्ध झाले नाहीत. आपल्या अधिकाराखालील मुलखातील लोकांकडून कर्जे काढली, हा नियमभंग मात्र सिद्ध झाला. ज्याच्या नावाने पैसे मागितले गेले तो लाचखोर ठरला नाही, आणि मागणारा मध्यस्थ तुरुंगात होता! मुंबई सरकारला हा निर्णय पटला नाही व त्याने तसे कळविले. लंडनहून भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांचा हुकूम आला आणि क्रॉफर्ड सेवेतून दूर झाला. परंतु लाचेच्या कलंकाशिवाय. पुढे विलायतेस जाऊन त्याने पुस्तके लिहिली. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात पुणे व दक्षिणेतील साऱ्या अनर्थाचे खापर त्याने पुण्याच्या ब्राह्मणांवर फोडले.

प्रकरण येथे संपले असते तर तो एका साहेबाच्या भानगडीचा इतिहास झाला असता. परंतु खरा इतिहास येथून सुरू होतो. क्रॉफर्डच्या अँग्लो-इंडियन पाठीराख्यांनी आणि विलायतेतील काही मंडळींनी आता दुसरा प्रश्न उपस्थित केला. ज्यांनी लाच देऊन जागा मिळविल्याचे स्वमुखाने कबूल केले आहे, ते न्यायासनावर कसे बसू शकतात? पद विकत घेणारा त्या पदास अपात्र होतो, असे इंग्लंडचे सहाव्या एडवर्डच्या काळापासूनचे कायदे सांगत होते. १८०९ च्या कायद्याने ते तत्त्व आणखी व्यापक केले होते. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. हिंदुस्थान सरकार आणि भारतमंत्री यांनी मुंबई सरकारचे वचन संपूर्ण पाळण्यास नकार दिला. मामलेदारांची प्रतवारी करण्यात आली. ज्यांनी जाच चुकविण्यासाठी, नाइलाजाने पैसे दिले ते क्षम्य. ज्यांनी लाभासाठी, आपखुशीने दिले ते अक्षम्य. दुसऱ्या वर्गातल्यांना पदावरून काढावे असे ठरले. त्या साली गव्हर्नर जनरलच्या विधिमंडळाने साक्षीदारांना खटल्यांपासून वाचविणारा कायदा केला, परंतु नोकरीचे अभय मोडले ते मोडलेच.

पुण्यात यावरून मोठी खळबळ उडाली. १८८९ च्या सप्टेंबरात सभा भरली आणि मामलेदारांची बाजू जोराने मांडण्यात आली. या चळवळीत बाळ गंगाधर टिळक अग्रभागी होते. तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ होते आणि केसरीचे संपादकत्व त्यांच्याकडे येऊन दोनच वर्षे झाली होती. टिळकांनी मामलेदारांना निर्दोष म्हटले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नव्हे. त्यांच्या म्हणण्याचा गाभा सरकारच्या शब्दाचा होता. सरकारने अभयवचन देऊन माणसांना बोलते केले, त्यांच्या तोंडची कबुली वापरली, आणि मग त्याच कबुलीच्या आधारे त्यांना शिक्षा केली, तर यापुढे कोणता कनिष्ठ नोकर कोणत्या वरिष्ठाविरुद्ध खरे बोलण्यास धजेल? हा प्रश्न एका जातीचा किंवा एका इलाख्याचा नव्हता. तो प्रत्येक कचेरीचा होता.

ती प्रतवारी मला या साऱ्या प्रकरणाचा सर्वांत बोलका भाग वाटते. नाइलाजाने दिलेले आणि आपखुशीने दिलेले, यांच्यामध्ये रेघ ओढणे लंडनमधल्या टेबलावर सोपे होते. तालुक्याच्या कचेरीत ती रेघ कोठे होती? ज्याने समोर शेजाऱ्याची बदली होताना पाहिली, आणि आपल्यावर पाळी येण्यापूर्वीच पैसे पोचविले, तो लाभासाठी देणारा की भीतीपोटी देणारा? सारे देत असताना न देणाराची बढती अडते, म्हणून ज्याने दिले, त्याची आपखुशी कसली? जाचाच्या छायेत माणसाची संमती हीसुद्धा खरी संमती राहात नाही, ही गोष्ट त्या काळच्या राज्यकर्त्यांना उमगली नाही, किंवा उमगून सोयीची वाटली नाही. चौकशी वरिष्ठाच्या वर्तनाची सुरू झाली होती. ती संपली कनिष्ठांच्या चारित्र्याच्या चौकशीने. हा क्रम आजही पुष्कळ ठिकाणी दृष्टीस पडतो. तक्रार येते जाचाची. थोड्या दिवसांनी पाहावे तो टेबलावर तक्रारदाराचीच फाइल उघडलेली असते.

बदलीचे हत्यार एकट्या क्रॉफर्डने वापरले असेही नव्हे. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत सरकारच्या मनात पुण्यातील सुशिक्षितांविषयी संशय शिरला आणि न्यायमूर्ती रानडे यांची धुळ्यास बदली झाली. तेथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात. रमाबाईंच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या पुस्तकात त्या दिवसांचे वर्णन आहे. माधवरावांनी ते शांतपणे सोसले आणि आपले काम चालू ठेवले. बंगालकडे पाहिले तर दुसरा मार्ग दिसतो. ईश्वरचंद्र विद्यासागर हे संस्कृत कॉलेजाचे प्रिन्सिपॉल असताना शिक्षणखात्याचे तरुण डायरेक्टर गॉर्डन यंग यांच्याशी त्यांचे पटेना. १८५८ साली त्यांनी राजीनामा दिला आणि ते मोकळे झाले. परंतु विद्यासागरांना ग्रंथांचे उत्पन्न होते, छापखाना होता, देशभर नाव होते. राजीनामा हा ज्याच्या घरी दुसरी चूल पेटू शकते त्याचा मार्ग आहे. रानड्यांची स्थितप्रज्ञता आणि विद्यासागरांचे बाणेदारपण या दोन्ही गोष्टी वंदनीय खऱ्या. पण सामान्य नोकराकडे त्यांची अपेक्षा करणारी व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे. दरमहा पगारावर घर चालविणाऱ्या माणसाला महापुरुष न होताही मानाने काम करता आले पाहिजे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मामलेदार हे वरून जाच सोसणारे होते, तसेच खाली जाच करणारेही होते. ज्या जोतीराव फुल्यांचे नाव आज त्या मंडईस दिलेले आहे, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात कचेरीतले कामगार अडाणी कुणब्यास कसे नाडतात, याचे जे विदारक वर्णन केले आहे, ते याच काळातले आणि याच मुलखातले आहे. कमिशनरला पोचविण्यासाठी काढलेले कर्ज दीडदोनशे रुपयांच्या पगारातून फिटणार नव्हते, हे उघड आहे. जाच हा पाण्यासारखा उताराकडे धावतो. साहेब मामलेदारावर, मामलेदार कारकुनावर, कारकून तलाठ्यावर आणि तलाठी रयतेवर, अशी त्याची वाट ठरलेली असते. शेवटच्या पायरीवर जो उभा असतो त्याच्याखाली कोणी नसते, म्हणून सारा भार त्याच्या अंगावर येऊन साचतो. फुल्यांनी त्या शेवटच्या पायरीवरून पाहिले. क्रॉफर्ड प्रकरणाच्या वेळी टिळकांनी मधल्या पायरीचा कैवार घेतला. दोघांचे पाहणे एकत्र केल्याखेरीज हा जिना पुरा दिसत नाही.

जाच नेहमी वरूनच येतो असेही नाही. १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातून विद्या संपादन करून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिष्यवृत्तीच्या कराराने ते बांधलेले होते. सयाजीराव महाराजांची कृपादृष्टी होती, हुद्दा मोठा होता. परंतु कचेरीतला शिपाई कागदपत्रे हातात न देता दुरूनच त्यांच्या टेबलावर टाकी. तेथे पिण्यास पाणी मिळेना. शहरात राहावयास जागा नव्हती. एका पारशी विश्रामगृहात ते राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्यांना मुंबईस परतावे लागले. येथे हुकूम कोणी काढला नाही, सही कोणी केली नाही. सहकारी आणि हाताखालचे लोक यांनी मिळून एका माणसास माणूस म्हणून नाकारले, एवढेच. कचेरीतील जाचाच्या इतिहासात बडोद्याचे हे पान क्रॉफर्डच्या पानाहून अधिक लाजिरवाणे आहे, कारण त्याचा दोष परक्या राज्यकर्त्यांवर ढकलता येत नाही.

तेव्हापासून आजपर्यंत बरेच पाणी वाहून गेले. १९१९ च्या आणि १९३५ च्या कायद्यांनी सरकारी नोकराला काही संरक्षण दिले, आणि स्वतंत्र भारताच्या घटनेतील ३११ व्या कलमाने ते दृढ केले. नेमणूक करणाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकारी बडतर्फ करू शकत नाही, आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज सामान्यतः कोणास काढता येत नाही. १९६४ च्या केंद्रीय वर्तणूक नियमांत अशी तरतूद आहे की, वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी असावा. तोंडी द्यावा लागलाच तर त्याने तो मागाहून लेखी कायम करावा. आणि कनिष्ठाने तशी लेखी पुष्टी मागून घ्यावी. हणमंतरावाच्या काळात हा नियम असता तर, असा विचार मनात येतो. १९६६ साली संयुक्त सल्लागार यंत्रणा आली. १९८५ साली केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आले. १९९७ च्या विशाखा निकालाने आणि २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ हा दंडनीय विषय झाला व तक्रार समित्या अस्तित्वात आल्या. महाराष्ट्राने २००५ साली बदल्यांचे नियमन करणारा कायदा केला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वार्षिक अहवालातील प्रत्येक शेरा, मग तो बरा असो वा वाईट, ज्याचा त्याला कळविला पाहिजे. आणि पुढील वर्षी केंद्र सरकारने तसा आदेश काढला. अंधारात लिहिल्या जाणाऱ्या शेऱ्याने किती जणांच्या झोपा उडविल्या, हे जुन्या कर्मचाऱ्यांना विचारावे.

तरीही एक मोठा प्रदेश नियमांच्या बाहेरच राहिला आहे. चारचौघांत पाणउतारा करणे, काम काढून घेऊन रिकामे बसविणे, किंवा मुद्दाम निरर्थक काम देणे, रजेचा अर्ज दाबून ठेवणे, सर्वांना बोलावून एकालाच वगळणे, यांविरुद्ध दाखविण्यास हातात कागद नसतो. हे सारे क्षुल्लक आहे, मनावर घेऊ नये, असा उपदेश केला जातो. परंतु ते क्षुल्लक नाही, हे आता शास्त्राने दाखवून दिले आहे. स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन या मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात अशा वागणुकीचा पद्धतशीर अभ्यास केला. एखाद्या दिवसाचा रुसवाफुगवा वेगळा. आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने जे चालते तो जाच, अशी कसोटी त्याने ठरविली. १९९३ साली स्वीडनने त्याविरुद्ध नियमही केले.

याहून आपल्या जवळचा पुरावा लंडनच्या व्हाइटहॉलमधला आहे, आणि तो थेट आपल्या व्यवसायबंधूंचा आहे. १९६७ साली तेथील सुमारे १८ हजार पुरुष सरकारी नोकरांच्या प्रकृतीची पाहणी सुरू झाली. लोकांची समजूत अशी की, जबाबदारी मोठी म्हणून हृदयविकार मोठ्या साहेबांना होतो. पाहणीत निघाले ते उलटेच. अगदी खालच्या दर्जाच्या नोकरांतील हृदयविकाराच्या मृत्यूचे प्रमाण वरच्या दर्जापेक्षा सुमारे तिप्पट होते. आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणे जमेस धरूनही त्या फरकाचा अर्ध्याहून कमी भाग उलगडला. १९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १०,३०८ स्त्रीपुरुष कर्मचाऱ्यांची दुसरी पाहणी सुरू झाली. आपल्या कामावर स्वतःचा ताबा ज्यांना नसतो त्यांना हृदयविकार अधिक जडतो, असे तीत दिसून आले. २००५ साली तिचा आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आपला वरिष्ठ आपले म्हणणे ऐकून घेतो, न्यायाने वागतो, असे ज्या पुरुष कर्मचाऱ्यांनी सांगितले होते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. म्हणजे साहेबाच्या न्यायबुद्धीचा हिशेब कनिष्ठाच्या रक्तवाहिन्यांत लिहिला जातो. संशोधकांनी आकडे दिले. पूर्वीच्या बायका तेच 'कचेरीतून आल्यावर हे जेवत नाहीत' एवढ्या शब्दांत सांगत आल्या आहेत.

आपल्यासारख्या परमुलखात नेमलेल्यांना ही गोष्ट अधिकच जाणवावी. गावी असलेल्या माणसाला कचेरीबाहेर आप्त असतात, शेजार असतो, देऊळ असते, भाषा असते. आपल्या बाबतीत पुष्कळदा कचेरी हेच सारे जग होऊन बसते. तेथे मान राहिला नाही तर तो अन्यत्र कोठून आणावयाचा? म्हणून महाराष्ट्र मंडळे, वाचनालये, गणेशोत्सव यांचे महत्त्व केवळ सांस्कृतिक नाही. त्या ठिकाणी मनुष्याला हुद्द्याखेरीज ओळखले जाते. अव्वल कारकून तेथे नाटकात राजा होतो आणि डेप्युटी सेक्रेटरी पडदा ओढतो. एकाकी पडलेल्या नोकरास जाच लवकर मोडतो. ज्याला दोन माणसे विचारणारी आहेत त्याला तो तितका लवकर मोडू शकत नाही.

शेवटी एक विचार मांडून हा लेख पुरा करतो. क्रॉफर्डसारखे अधिकारी प्रत्येक काळात निघतील. त्यांना आवर घालण्याचे नियमही होतील आणि त्यांतून पळवाटाही निघतील. परंतु १८८९ साली जे खरोखर मोडले ते एका अधिकाऱ्याचे चारित्र्य नव्हे. बोलणाऱ्याला दिलेला शब्द मोडला. कोणत्याही कचेरीची परीक्षा तेथे जाच होतो की नाही एवढ्यावरून होत नाही, कारण माणसे आहेत तेथे तो थोडाफार होणारच. परीक्षा होते ती यावरून, की एखादा हाताखालचा मनुष्य धीर करून पुढे आला आणि म्हणाला, 'साहेब, माझ्यावर अन्याय होत आहे,' तर त्यानंतर त्याची खुर्ची कोठे असते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर कोणीतरी आहे आणि बहुतेकांच्या खालीही कोणीतरी आहे. वरच्याकडून आपण काय अपेक्षितो हे आपल्याला पक्के ठाऊक असते. तेच खालच्याला देणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नियमाची, न्यायाधिकरणाची किंवा लंडनच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही.